इथे इंटरप्ट आला तर?

लिनक्स कर्नलसाठी (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) लिहिलेल्या ड्रायव्हरवर (एखादं उपकरण चालवणाऱ्या कोडवर) पहिल्यांदा रिव्ह्यू येतो तेव्हा वाचणाऱ्याला हमखास वाटतं की समोरचा माणूस चिडलाय. 'प्रयत्न चांगला आहे' वगैरे काही नाही. आपल्याच कोडच्या ओळी, प्रत्येकीच्या डाव्या कडेला बाणाचं टोक, आणि मध्येच कुठेतरी दोन शब्द: 'हे कशाला?' पुन्हा आपल्या दहा-बारा ओळी, मग 'गरज नाही'. मग एक अख्खं फंक्शन आणि त्याच्या पोटात एकच वाक्य: 'इथे इंटरप्ट आला तर काय होईल?' खाली नाव. संपलं. (इंटरप्ट म्हणजे 'हातातलं काम थांबवून इकडे बघ' अशी चिपने दिलेली हाक.)

आमच्या टीममधल्या एका मुलीने असा रिव्ह्यू वाचला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "सर, बघा ना, किती तुसड्यासारखं लिहिलंय." (मूळची सोलापूरची. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, ही अजून 'सर'वरच आहे. मी नाद सोडलाय.) "अगं," म्हटलं, "त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय. तुसडा माणूस एवढं वाचत बसेल का?"

तिला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही तेही मला कळत होतं. आपल्याकडे इंजिनिअरिंगची चार वर्षं पोरं व्हायव्हाला बसतात. बाहेरून आलेला एक्स्टर्नल प्रश्न विचारतो तो बहुतेक वेळा आपण कुठे अडखळतो ते बघायला. प्रश्न आला की मान खाली घालून 'येस सर' म्हणायचं आणि सुटायचं, ही सवय हाडीमाशी खिळते. पुढे नोकरीत कंपनीतल्या कंपनीत रिव्ह्यू होतो. तिथे शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी 'ठीक दिसतंय' असं लिहून बटण दाबतो आणि घरी जातो. खरोखर वाचून विचारलेल्या प्रश्नाला खरोखर विचार करून उत्तर द्यायचं, हे आपल्याला ना कॉलेजात कोणी शिकवलं ना ऑफिसात. मी स्वतः आता ड्रायव्हर फारसे लिहीत नाही. लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांची उत्तरं वाचतो, आणि पाठवण्याआधी बऱ्याचदा अर्धी खोडायला लावतो.

ड्रायव्हर होता एका नखाएवढ्या चिपचा. द्राक्षबागेत बसवायच्या हवामान-केंद्राचा बोर्ड आम्ही बनवतो. आर्द्रता वेळेवर कळली तर नाशिककडच्या बागायतदाराला डाऊनी या बुरशीरोगावरची फवारणी आजच करायची की थांबायचं, याचा अंदाज येतो. त्यासाठी बोर्डावर हवेचा दाब आणि आर्द्रता मोजणारी चिप आहे, आणि तिला मूळ कर्नलमध्ये ड्रायव्हर नव्हता. आपण लिहिलेला आपल्याच गिटमध्ये (कोडचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात) ठेवला असता तर कोणी हात धरायला येणार नव्हतं. पण कर्नलच्या आतले इंटरफेस कायम तेच राहतील अशी हमी कर्नल देत नाही, आणि हे त्याचं जाहीर धोरणच आहे. २०२२ मध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीत आय-टू-सी (चिपा दोन तारांवर जोडायची पद्धत) ड्रायव्हरांच्या रिमूव्ह फंक्शनने आकडा परत करायची पद्धतच बंद झाली. कर्नलच्या झाडात (त्याच्या अधिकृत कोडमध्ये) जे ड्रायव्हर होते ते बदल करणाऱ्यांनीच दुरुस्त करून दिले. झाडाबाहेर ज्यांनी आपापले ड्रायव्हर सांभाळले होते त्यांचा बिल्ड एका सकाळी पडला, आणि त्यांच्यासाठी थांबायला कोणी बांधील नव्हतं. म्हणून झाडात जायचं. आणि झाडात जायचं तर मेंटेनरच्या, म्हणजे कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याच्या, प्रश्नांना तोंड द्यायचं.

मेंटेनरची बाजू समजली की त्याच्या भाषेचा अर्धा काच कमी होतो. बिल्डर पझेशन देऊन पुढच्या साइटवर निघून जातो आणि गच्चीची गळती सोसायटीच्या सेक्रेटरीच्या गळ्यात पडते. ड्रायव्हर पाठवणारी कंपनी म्हणजे तो बिल्डर. प्रॉडक्ट बाजारात गेलं, टीम दुसऱ्या कामाला लागली, मुलीने नोकरी बदलली, तरी कोड कर्नलमध्येच राहणार. दहा वर्षांनी कोणीतरी त्यात काही बदलायला जाईल तेव्हा विचारणार मेंटेनरला. कर्नलच्या एकूण कोडमध्ये निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरांचाच आहे. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड यंत्राकडून तपासून घेतला तेव्हा काही प्रकारच्या चुकांचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पट निघालं. ड्रायव्हर लिहिणारे कच्चे असतात असं मला त्यातून दिसत नाही. त्यांना चिप माहीत असते, कर्नल तेवढा माहीत नसतो. रिव्ह्यू करणाऱ्याचं नेमकं उलट असतं. त्याला कर्नल तोंडपाठ असतो, पण ती चिप त्याने कधी हातात धरलेली नसते. डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, असलीच तर तेवढीच.

म्हणून रिव्ह्यूला दिलेल्या उत्तराला मी एवढं महत्त्व देतो. दोघांना जे माहीत आहे ते एकत्र यायची ती एकच जागा असते. आज्ञेचं पालन करून टाकलं आणि 'केलं' असं कळवलं, तर कोड कदाचित सुधारतो, पण चिपबद्दल आपल्याला जे ठाऊक होतं ते आपल्याच डोक्यात राहून जातं.

तो इंटरप्टचाच प्रश्न घ्या. थोडं तांत्रिक होईल, पण त्याशिवाय गंमत कळणार नाही.

चिप सापडली की कर्नल ड्रायव्हरचं प्रोब नावाचं फंक्शन बोलावतो. त्यात मेमरी घ्यायची, चिपचा वीजपुरवठा चालू करायचा, थोड्या वेळाने करायच्या कामासाठी एक वर्क तयार ठेवायचं, इंटरप्टची तार आपल्या नावावर लावून घ्यायची. ड्रायव्हर काढताना रिमूव्ह बोलावलं जातं, आणि हे सगळं उलट्या क्रमाने आवरायचं असतं. पूर्वी हे हाताने करावं लागे आणि लोक काहीतरी विसरत. २००७ मध्ये कर्नलमध्ये डेव्ह-एम नावाची सोय आली: त्या पद्धतीने घेतलेली प्रत्येक गोष्ट उपकरणाच्या नावावर जमा राहते आणि ड्रायव्हर निघताना आपोआप, उलट्या क्रमाने परत केली जाते. मुलीने मेमरी आणि इंटरप्ट डेव्ह-एमने घेतले होते. वीजपुरवठा आणि वर्क मात्र ती रिमूव्हमध्ये हाताने बंद करत होती. वाचायला अगदी स्वच्छ कोड. आधी वर्क रद्द, मग वीज बंद, बाहेर.

पण आपोआप आवरण्याचं काम रिमूव्ह पूर्ण झाल्यावर सुरू होतं. म्हणजे वीज बंद झाली तेव्हा इंटरप्टची तार अजून जिवंत होती. त्या फटीत इंटरप्ट आला तर हँडलर (इंटरप्टला ओ देणारं फंक्शन) चालणार आणि नुकतंच रद्द केलेलं वर्क पुन्हा रांगेत लावणार. ते वर्क जागं होईपर्यंत मेमरी परत गेलेली असणार, आणि ज्या जागेवर आता दुसऱ्याच कोणाचा तरी डेटा आहे तिथे आपला कोड जाऊन लिहिणार. फट काही मायक्रोसेकंदांची. 'एवढ्यात कुठला येतोय इंटरप्ट' असं म्हणायचा मोह होतो, आणि तिलाही झाला.

तिने लिहिलेलं पहिलं उत्तर असं होतं: रिस्पेक्टेड सर, आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभारी आहे, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करते. मी विचारलं, "आपल्या बोर्डावर त्या तारेचा पुल-अप कुठल्या सप्लायवर आहे?" तिने स्कीमॅटिक (बोर्डावरच्या जोडण्यांचा आराखडा) उघडलं. पुल-अप, म्हणजे तारेला वर धरून ठेवणारा रेझिस्टर, चिपच्याच सप्लायवर होता. म्हणजे वीज बंद केली की ती तार आपणहून वरून खाली येणार. आणि ड्रायव्हरने इंटरप्ट मागितला होता तो नेमका तार खाली येतानाचा. येण्याची शक्यता किती हा प्रश्नच उरला नाही. वीज बंद करणं हेच इंटरप्ट पाठवणं होतं.

हे रिव्ह्यू करणाऱ्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आमचं स्कीमॅटिक त्याने पाहिलेलं नाही. त्याला कर्नल कळतो, म्हणून त्याने बोट बरोबर त्या जागेवर ठेवलं. तिथे खरोखर काय घडतं हे सांगू शकणारी एकटी तीच होती. 'दुरुस्त करते' असं कळवून हा भाग गिळून टाकला असता तर त्याचं शंभर टक्के बरोबर निघालेलं बोट त्यालाही कधी कळलं नसतं. नवं उत्तर चार ओळींचं झालं. हो, येतो, आमच्या बोर्डावर पुल-अप त्याच सप्लायवर असल्याने वीज बंद होतानाच येतो, वीजपुरवठा आणि वर्क दोन्ही डेव्ह-एमच्या साखळीत घेते, इंटरप्ट सर्वांत शेवटी मागते, म्हणजे सुटताना तो सर्वांत आधी सुटेल. आणि असं केल्यावर रिमूव्हमध्ये करायला काही उरलंच नाही. ते फंक्शन मुळासकट उडालं. कोड वाढण्याऐवजी आटला, आणि माझ्या अनुभवात चांगल्या प्रश्नाचा परिणाम बहुतेक वेळा असाच होतो.

बारीकसारीक शेऱ्यांवर फार वेळ घालवायचा नाही. हेडर फाइली वर्णक्रमाने लावा, यादीच्या शेवटच्या रिकाम्या नोंदीपुढे स्वल्पविराम नको, हा आकडा कुठून आला त्याला नाव द्या. करून मोकळं व्हायचं. ओळीची लांबी ८० अक्षरांची की १०० ची यावर ऑफिसात तावातावाने बोलणारे लोक मी पाहिलेत (चेकपॅच या तपासणीच्या स्क्रिप्टने २०२० मध्ये आपली मर्यादा १०० वर नेली, तरी कर्नलची शैलीपुस्तिका अजून ८० लाच पसंती देते). मला विचाराल तर मेंटेनरला जे हवं ते. त्याच्या घरात त्याच्या पद्धतीने चपला काढाव्यात. वाद घालायची ताकद माणसाला मोजून मिळालेली असते, ती स्वल्पविरामावर उडवू नये.

वाद घालायची जागा वेगळी होती.

चिपला रीसेट दिल्यानंतर ड्रायव्हर १० मिलिसेकंद थांबत होता. त्यावर शेरा: 'डेटाशीटमध्ये २ आहेत. १० का?' माझं चहा पिऊन होईपर्यंत तिने १० चे २ करून ठेवले होते. "सर, डेटाशीटमध्ये २च आहेत, त्यांचं बरोबर आहे."

"मग आधी १० कोणी घातले?"

"मीच."

"का?"

ती थांबली. मग आठवून म्हणाली, "निफाडला फेल जात होतं ना."

निफाडची थंडी पेपरात येते; राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून दर हिवाळ्यात कधीतरी त्या गावाचं नाव छापून येतंच. तिथल्या बागांमधले बोर्ड जानेवारीच्या पहाटे चालू व्हायचे आणि चिप पहिल्या आज्ञेला उत्तरच द्यायची नाही. दुपारी तोच बोर्ड खडखडीत चालायचा. तेव्हा या पोरांनी कँटीनच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात बोर्ड ठेवला, वायरी दाराच्या रबरातून बाहेर काढल्या, ऑसिलोस्कोप लावला आणि बघितलं. गार झालेली चिप रीसेटनंतर जवळजवळ ६ मिलिसेकंद काही ऐकूनच घेत नव्हती. डेटाशीटमधला आकडा खोलीच्या तापमानाचा होता. म्हणून १०. हे सगळं करून झाल्यावर कोडमध्ये उरला तो नुसता एक आकडा, ना आगा ना पिछा. वाचणाऱ्याने 'का' विचारलं तर त्याचं काय चुकलं?

इथे मुकाट्याने २ करणं म्हणजे नम्रपणाच्या नावाखाली बग घालणं. आणि ही गोष्ट मी आपल्याकडच्या मुलामुलींमध्ये फार पाहतो. समोरचा मोठा, गोरा, नाव असलेला; तो म्हणतोय म्हणजे तसंच असणार. प्रत्यक्षात त्याने प्रश्न विचारलाय आणि आपण त्याला निकाल समजून शिक्षा भोगायला निघालोय. उत्तरात तिने तापमान लिहिलं, कशावर आणि कसं मोजलं ते लिहिलं, किती चिपांवर तसं दिसलं ते लिहिलं. उलट उत्तर त्याच दिवशी आलं: मग हे कोडमध्ये कॉमेंट म्हणून लिहा. आणि एम-स्लीप वापरू नका, एफ-स्लीप वापरा. (कर्नलचं घड्याळ सेकंदाला १०० ठोके देणारं असेल तर एम-स्लीपला मागितलेले १० मिलिसेकंद सहज २० होतात, एफ-स्लीप हे २०२० मध्ये आलेलं फंक्शन किती थांबायचं ते बघून योग्य प्रकार स्वतः निवडतं.) म्हणजे त्याच्या मूळ म्हणण्याला आम्ही नकार दिला आणि त्या नकारातूनच त्याने ड्रायव्हर आणखी नीट करून दिला.

कर्नलसोबत येणाऱ्या कागदपत्रांत पॅच (कोडमधले प्रस्तावित बदल) कसे पाठवावेत यावर एक लांबलचक मजकूर आहे. त्यात एक बारीक सूचना आहे, ती मी छापून बोर्डवर लावावी इतकी मला आवडते: रिव्ह्यूमधल्या ज्या प्रश्नामुळे कोड बदलावा लागत नाही, त्या प्रश्नामुळे एखादी कॉमेंट किंवा पॅचच्या वर्णनात एखादी ओळ तरी जवळजवळ नक्कीच वाढायला हवी, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला तोच प्रश्न पडणार नाही. प्रश्न चुकीचा असला तरी तो पडला, एवढंच पुरेसं आहे. हुशार, अनुभवी माणूस तिथे अडखळला; पुढचाही अडखळणार.

ही ओळ कुठे वाढवायची यालाही अर्थ असतो. पॅचच्या वर्णनाखाली तीन आडव्या रेघा असतात. रेघांच्या वरचा मजकूर गिटमध्ये कायमचा जातो. खालचा, म्हणजे आधीच्या आवृत्तीपेक्षा काय काय बदललं त्याची यादी, पॅच स्वीकारला जाताना गळून पडतो. नवखे लोक सगळी कारणमीमांसा रेघांच्या खाली लिहितात, कारण ती त्यांना मेंटेनरला द्यायची सफाई वाटते. बरोबर उलटं हवं. 'हेडरांचा क्रम लावला' हे खाली. 'गार हवेत ही चिप ६ मिलिसेकंद घेते' हे वर, आणि कोडमध्येही. गिट लिनक्सचा जनक लिनस टोर्वाल्ड्सने २००५ मध्ये कर्नलच्याच कामासाठी लिहिलं. कुठली ओळ कोणी, का घातली हे वर्षांनंतर शोधणारा माणूस त्यात रेघांच्या वरचंच वाचणार आहे.

त्या ६ मिलिसेकंदांबद्दल आणखी एक. रिव्ह्यू करणाऱ्याकडे चिप नव्हती, फ्रीज नव्हता. आमच्या मुलीच्या शब्दाखेरीज त्याच्या हातात काही नव्हतं, आणि त्याने तो शब्द मानला. हा विश्वास किती नाजूक असतो ते २०२१ मध्ये दिसलं. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी रिव्ह्यूमधून काय निसटतं ते तपासण्यासाठी जाणूनबुजून दोष असलेले पॅच पाठवले होते. ते उघड झाल्यावर आणि त्यानंतर तिथूनच आणखी संशयास्पद पॅच आल्यावर, एप्रिलमध्ये कर्नलचे एक ज्येष्ठ मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच घेणंच बंद केलं आणि आधीचे शेकडो पुन्हा तपासायला काढले. संशोधकांनी आपला निबंध मागे घेतला. त्या प्रकरणात लोक बहुतेक शिक्षेच्या कडकपणाबद्दल बोलले. मला वेगळंच वाटलं होतं. प्रत्येक पाठवणाऱ्याचं प्रत्येक वाक्य प्रयोगशाळेत तपासायचं ठरवलं तर एकही ड्रायव्हर आत जाणार नाही. म्हणूनच 'मोजलं' असं लिहायचं तर मोजलेलंच असलं पाहिजे, आणि ज्याची खात्री नाही तिथे खात्री नाही असं लिहिता आलं पाहिजे. कोणी आपल्या पॅचला 'रिव्ह्यूड-बाय' देऊन आपलं नाव त्याखाली लावू दिलं आणि मग आपण कोड बराच फिरवला, तर पुढच्या आवृत्तीत ते नाव आपणच काढायचं आणि का काढलं ते सांगायचं. कोणी तपासत नाही. मेंटेनरच्या लक्षात मात्र राहतं.

सरळ 'नाही' म्हणायची वेळही एकदा आली. दुसऱ्या एका रिव्ह्यू करणाऱ्याने सुचवलं की रजिस्टर (चिपमधले क्रमांकित कप्पे) वाचण्या-लिहिण्यासाठी रेगमॅप ही कर्नलची तयार सोय वापरा, निम्मा कोड कमी होईल. सूचना उत्तम, पण या चिपला रजिस्टर नाहीतच. ती दोन बाइटांच्या आज्ञा घेते आणि उत्तरासोबत तपासणीचा एक बाइट देते. तिने डेटाशीटच्या त्या भागाचा हवाला दिला, दोन वाक्यांत. तो म्हणाला, ठीक. एवढंच. नकाराला आधी-नंतर उशा लावाव्या लागत नाहीत, हे तिला त्या दिवशी कळलं असावं, कारण त्यानंतरच्या मेलमध्ये 'रिस्पेक्टेड सर' दिसलं नाही. नुसतं 'हाय' आणि पहिलं नाव. (मला अजून 'सर'च.)

त्या भाषेबद्दल बोलायलाच हवं. कर्नलच्या जगाची ख्याती बोलभांड होती आणि ती खोटी नव्हती. सप्टेंबर २०१८ मध्ये टोर्वाल्ड्सने स्वतःच आपल्या वर्षानुवर्षांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागून काही आठवडे कामातून रजा घेतली, आणि त्याच सुमारास प्रकल्पाने आचारसंहिताही स्वीकारली. 'कडक बोलले म्हणूनच दर्जा टिकला' असं म्हणणारे आपल्याकडेही आहेत. बहुधा तेच, जे लहानपणी मारकुट्या मास्तरांमुळे गणित आलं असं सांगतात. मला हे कधीच पटलेलं नाही. 'इथे इंटरप्ट आला तर काय होईल?' या प्रश्नात एकही वाईट शब्द नाही, आणि आमचं अख्खं फंक्शन त्यानेच उडवलं. मोजकं बोलणं आणि टाकून बोलणं यांत फरक आहे. पहिलं सोसायला शिकावं; दुसरं सोसायची गरज नाही, आणि आता तिथेही ते चालवून घेत नाहीत.

आपण लिहितो त्यातही सौजन्याची जागा वेगळी असते. आभाराच्या चार ओळींपेक्षा समोरच्याच्या मेलमधला नको तो भाग छाटून, ज्या ओळीला उत्तर द्यायचं तेवढीच ठेवून, तिच्या खाली उत्तर लिहिणं हे त्याला जास्त सुखाचं वाटतं. अख्खा सहाशे ओळींचा पॅच तसाच ठेवून तळाशी 'ओके' लिहिणाऱ्याला शोधत माणसाने किती खाली जायचं?

मग वाट बघणं. नवी आवृत्ती त्याच रात्री पाठवायची सगळ्यांना घाई होते, आणि ती करू नये. बाकीच्यांनी जुनी अजून वाचलेली नसते, त्यांचे शेरे हवेत जातात. उत्तर नाही आलं तर निदान आठवडाभर गप्प राहायचं. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते, त्यातले पहिले दोन आठवडे मर्ज विंडो (जमलेले बदल आत घ्यायचा काळ) असते, आणि त्या काळात बरेच मेंटेनर नव्या ड्रायव्हरकडे ढुंकून बघत नाहीत. हे वेळापत्रक आमच्या मॅनेजरच्या एक्सेलमध्ये कुठल्याही रकान्यात बसत नाही. दर सोमवारी ते विचारायचे, "किती टक्के झालं?" पहिले काही सोमवार मी समजावून सांगितलं. नंतर ८० म्हणायला लागलो.

सर्वांत लांबलेला विषय डिव्हाइस ट्रीचा होता. बोर्डावर काय काय जोडलंय हे कर्नलला सांगणारी ती माहिती. मुलीने त्यात किती सेकंदांनी मोजमाप घ्यायचं याची एक नोंद ठेवली होती. शेरा आला: ही हार्डवेअरची गोष्ट आहे की तुमची इच्छा? डिव्हाइस ट्रीत हार्डवेअर कसं आहे तेवढंच लिहायचं. ते कसं वापरायचं हे ड्रायव्हरच्या वरचे प्रोग्राम ठरवतील. शिवाय एकदा ठरलेली नोंद नंतर सहजी बदलता येत नाही, कारण लोकांचे बोर्ड तिच्या भरवशावर चालू लागतात. यावर आम्ही दोघांनी बराच वेळ डोकं लावलं आणि शेवटी तो म्हणतो तेच खरं असं ठरलं. निफाडच्या बागेत पाच मिनिटांनी मोजायचं आणि गोदामात तासाने, चिप तीच. नोंद काढली.

एका मुद्द्यावर मात्र आमचं आणि त्यांचं जुळलं नाही. आर्द्रतेने मर्यादा ओलांडली की प्रोग्रामला कळवण्याची कर्नलची स्वतःची ठरलेली पद्धत आहे. आमच्या प्रॉडक्टच्या ॲपला हवी होती वेगळ्याच नावाची एक फाइल, कारण ॲप आधीच लिहून झालेलं होतं. तिने प्रामाणिकपणे तेच कारण लिहिलं. मेंटेनरने तितक्याच प्रामाणिकपणे सांगितलं की दुसऱ्याचं ॲप बदलायचं टाळण्यासाठी कर्नलमध्ये कायमची फाइल ठेवता येणार नाही. त्याचं बरोबर होतं, आणि हे मी मीटिंगमध्येही बोललो. ॲपमधली ती दोन ठिकाणं बदलावीत असं सुचवलं. मॅनेजर म्हणाले, रिलीज झाल्यावर बघू.

ड्रायव्हर आत गेला. मेंटेनर्स नावाच्या फाइलमध्ये त्या चिपपुढे सोलापूरच्या मुलीचं नाव आहे, आणि आता त्याच कुटुंबातल्या नव्या चिपसाठी कोणी पॅच पाठवला तर तो आधी तिच्याकडे येतो. ती बघते, आणि माझ्या मते जरा जास्तच त्रोटक लिहिते. ॲपला हवी असलेली ती वेगळ्या नावाची फाइल बनवणारा चाळीसेक ओळींचा पॅच मात्र अजून झाडाबाहेर, आमच्याच गिटमध्ये आहे. रिलीज कधीच होऊन गेलं. आता आम्ही नव्या एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) कर्नलवर चाललोय, पॅच लागत नाहीये, आणि तो हाताने बसवायच्या दिवशी मॅनेजरसाहेबांना शेजारी खुर्ची टाकून बसवायचं आम्ही दोघांनी ठरवलंय.